माझ्या वाक्यांची वडीलधारी माणसं

आमच्याकडे भक्तिसभेत साक्ष देण्याची एक ठरलेली घडण आहे. आधी अंधार, मग प्रभूची भेट, मग उजेड. बोलणारा दारू प्यायचा, भांडायचा, कर्जात बुडालेला असायचा. एके दिवशी कुणीतरी शास्त्र, म्हणजे बायबल, हातात दिलं आणि सगळं पालटलं. या साक्षी खोट्या नसतात. त्यातली बरीच माणसं मी लहानपणापासून पाहते आहे, त्यांचं पालटणंही मी पाहिलंय. पण तीच घडण कागदावर उतरली की काहीतरी निसटतं. पालटण्याआधीचा माणूस नुसता काळा होतो आणि नंतरचा नुसता पांढरा. त्याची बोलण्याची लकब, बायकोवर ओरडायची सवय, गुळाच्या चहाची आवड, यातलं काहीच उरत नाही.

मी मराठीत लिहिते आणि ख्रिस्ती आहे. नाताळ विशेषांकांसाठी, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकांसाठी कथा आणि ललित लेख लिहिते, आणि एखादं पुस्तक व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. लिहायला बसलं की ही साक्षीची घडण आपसूक पुढे येते. तिच्यापासून सुटका करून घ्यायला मी ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाते, त्या माणसांबद्दल हे आहे. ती सगळी मराठीत लिहिणारी आणि ख्रिस्ताला मानणारी होती, आणि एक सोडली तर त्यांनी मागचं काही तोडून टाकलं नाही.

पहिलं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. कालक्रमाने त्या पहिल्या नाहीत, पण माझ्यासाठी आहेत.

‘स्मृतिचित्रे’ लिहिण्यामागे मुलाचा आग्रह होता. देवदत्तांना वडिलांच्या, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या आठवणी हव्या होत्या. पहिला भाग 1934 मध्ये आला, 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. शाळेत न गेलेली, लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेली बाई आपल्या नवऱ्याबद्दल लिहायला बसते आणि मराठी गद्यातलं एक सर्वोत्तम पुस्तक लिहून जाते. असं सगळेच म्हणतात. मला त्यात जे दिसतं ते जरा वेगळं आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. नेहमीच्या घडणीत ही तारीख मधोमध आली असती. अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळक अलीकडेही तापट आणि पलीकडेही तापट. आधीही घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणारे, नंतरही. सामान आणायला म्हणून बाहेर पडलेले टिळक काय घेऊन परततील याचा भरवसा आधी नव्हता, तो पुढेही आला नाही. न सांगता निघून जाणं, मग पश्चात्तापाने विरघळणं, रस्त्यावरचं मूल घरी आणणं, कवितेसाठी जेवण विसरणं, हे सगळं एकाच माणसाचं. त्या माणसाला ख्रिस्त भेटला आणि तो माणूस तोच राहिला. ख्रिस्ताने त्याच्या उदारपणाला दिशा दिली, त्याच्या रागाला लगाम पुरता बसला नाही, आणि बायकोने दोन्ही लिहून ठेवलं.

नवऱ्यावर एवढं प्रेम करणारी बाई त्याची बाजू सावरून घेत नाही, हे मला फार मोठं वाटतं. ती त्याच्यावर रागावते तेही त्याच वाक्यात येतं आणि ते तिथेच संपतं. पुढे समजावणी नाही. “पण देवाची योजना वेगळी होती” असं एक वाक्य कुठेही टाकता आलं असतं आणि वाचणाऱ्याने मानही डोलावली असती. त्या ते टाकत नाहीत. देवाची योजना काय ती पुढच्या पानांवर दिसते, दिसली तर.

त्यांची स्वतःची वाटही तशीच. वडील सोवळ्याने पछाडलेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही असं ते घर. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. पुढे त्याच्याकडे परतल्या तरी सोवळं घेऊनच परतल्या, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एका रात्री विचारांचं चक्र सुरू होतं. जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत जाती डोळ्यांना दिसतात, तशा माणसांत का दिसत नाहीत? स्त्री आणि पुरुष यापलीकडे देवाने माणसांत कोणता भेद केला? उजाडेपर्यंत जन्मभराचं सोवळं गळून पडलेलं असतं. ना उपदेशक समोर, ना कुणाचा हात डोक्यावर. एक बाई अंथरुणावर पडून हिशेब मांडते आहे, आणि हिशेब चुकला होता हे तिला कळतं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, पण वाचताना वाटतं की खरी गोष्ट त्या रात्रीच घडली.

हा प्रसंग मी वहीत उतरवून काढलाय. किती थोड्या वाक्यांत तो संपतो हे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय कळत नाही. त्यात विशेषणं जवळजवळ नाहीत. “आनंद”, “शांती”, “प्रकाश” हे आमच्या लिखाणातले हक्काचे शब्द तिथे शोधूनही सापडत नाहीत, आणि वाचून झाल्यावर मात्र आनंदच वाटतो.

आता टिळकांकडे. शाळेच्या पुस्तकातल्या, बाणाने जखमी झालेल्या पक्षिणीच्या कवितेमुळे ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आमच्या मंडळीत ते ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातून येतात. रविवारी पेटीवर सूर धरला की त्यांची पदं देशी चालीवर सुरू होतात, आणि ज्या म्हाताऱ्यांना इंग्रजी चालींवरची गीतं ओढूनताणून म्हणावी लागतात त्यांचा आवाज अचानक मोकळा होतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. हे त्यांनी पाहुण्यांपुढे म्हणायचं वाक्य म्हणून वापरलं नाही. ‘अभंगांजली’ वाचा, तुकोबांची आळवणी, देवाशी भांडायची सलगी, स्वतःला कमी लेखण्याची ती खास वारकरी तऱ्हा, सगळं तिथे आहे, आणि ते येशूच्या पायाशी आहे. शेवटी तर 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते वारले. तो दरबार पुढे वाढला नाही. पण त्यांची कविता कोणत्या अंगणात उभी होती हे त्यावरून कळतं.

टिळकांचं सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. निसर्गावरच्या काही कविता गोड होतात, फार गोड. आळवणीत मात्र ते खोटं बोलत नाहीत.

त्यांच्याही आधी जवळपास तीनशे वर्षं एक इंग्रज माणूस हेच करून बसला होता. थॉमस स्टीफन्स, जेझुइट संघाचा ख्रिस्ती पाद्री, 1579 मध्ये गोव्याला आला आणि परत गेला नाही. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलंय. भाषांची कुळं शोधणारे पंडित यायला तेव्हा दोनशे वर्षं होती. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्याच साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा, ओव्या दहा हजारांहून जास्त. “जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी” ही मराठीच्या थोरवीची ओवी मराठी भाषा दिनाला हमखास ऐकू येते.

मला त्या ओवीपेक्षा सुरुवातीचा भाग जास्त जवळचा वाटतो. नवख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण चालू आहे आणि त्यांच्यातला एक जण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला एखादं पुराण का देत नाही? आणि गुरू पुराण सांगायला बसतो. पुस्तकाचा सगळा डोलारा एका श्रोत्याच्या मागणीवर उभा आहे. त्याला ऐकायची सवय ओवीची आहे, तर ओवी. त्याला पुराण लागतं, तर पुराण. त्याला स्वर्ग वैकुंठ या नावाने ठाऊक आहे, तर वैकुंठ.

या प्रेमाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. साष्टीतली देवळं 1567 मध्ये पाडली गेली होती, आणि ती पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेच्याच छत्राखाली स्टीफन्स राहिला. त्या शिष्याचा प्रश्न खराखुरा आहे. काढून घेतलेल्या पुराणांचा प्रश्न. तो त्याने आपल्या ग्रंथात ठेवला, वाचणाऱ्याला ऐकू येईल असा ठेवला. मी क्रिस्तपुराण वाचताना दोन्ही सोबत घेऊन वाचते, आणि त्यामुळे त्या माणसाबद्दलचा आदर घटत नाही. त्या प्रश्नाचं ओझं मात्र मनावर राहतं.

बाबा पद्मनजींचं नाव घ्यायलाच हवं. 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी मराठी कादंबरीचा पाया घातला, आणि विधवांच्या हालांवर तेव्हा एवढं स्पष्ट कोण लिहीत होतं? पण त्यांची पात्रं बऱ्याचदा वाद जिंकण्यासाठी बोलतात. लेखकाला काय सिद्ध करायचंय ते पात्राच्या आधी आपल्याला कळतं. मी त्यांच्याकडे आदराने पाहते, शिकायला दुसरीकडे जाते.

आणि मग पंडिता रमाबाई, ज्या माझ्या मांडणीत बसत नाहीत.

टिळक पूल बांधतात, स्टीफन्स ओवी उसनी घेतो. रमाबाईंनी मागचे दोर कापले, आणि समजून उमजून कापले. ज्या मुलीला आई-वडिलांनी रानावनात, तीर्थाच्या वाटेवर संस्कृत शिकवलं, जिने दुष्काळात ते दोघे गमावले, जिला 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तिला त्या परंपरेची ताकद ठाऊक होती आणि त्या परंपरेने बायकांचं काय केलं हेही ठाऊक होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं नव्याने मराठी केलं. खेड्यातल्या, नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला कळावं म्हणून साधं मराठी. आणि जुन्या धर्मविचारांचा वास येणारे शब्द निवडून दूर ठेवलेले. स्टीफन्सने जे आनंदाने घेतलं तेच त्यांनी नाकारलं.

त्या छापखान्याचा मी पुष्कळदा विचार करते. खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका, त्यातल्या कितीतरी दुष्काळातून आणि सक्तीच्या वैधव्यातून आलेल्या. ज्यांना अक्षर नाकारलं होतं त्यांच्या बोटांना शिशाची अक्षरं लागलेली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या; मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, 1921 मध्ये गेली होती. पूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 मध्ये. मंडळ्यांमध्ये ते फारसं रुजलं नाही. काही ठिकाणी ते वाचायला खडबडीत आहे हे खरं, आणि कानाला सवय दुसऱ्या भाषांतराची झाली होती हेही खरं. माझ्या दृष्टीने ते मराठीतल्या सर्वांत हट्टी, सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक आहे. ज्यांना रमाबाईंचं सहज वाहणारं गद्य हवं असेल त्यांनी 1889 मधलं अमेरिकेचं प्रवासवृत्त वाचावं. तिथे नजर किती धारदार आहे! बायकांच्या संस्था कशा चालतात, पैसा कसा उभा राहतो, इथपर्यंत सगळं तपासून पाहणारी, भारावून न जाणारी आणि तरी मनमोकळं कौतुक करणारी.

म्हणून रमाबाई मला अडवतात. “जुनं तोडू नये” असं मी सहज म्हणून जाते तेव्हा त्या विचारतात, कुणाचं जुनं?

हा प्रश्न माझ्या घरापर्यंत येतो. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई जन्माने ब्राह्मण होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग वस्त्यांमधून उभ्या राहिल्या. आमच्या आजी-आजोबांनी सोवळं सोडलं नाही, त्यांना ते कधी नव्हतंच. ते दुसऱ्यांचं सोवळं सोसत होते. लक्ष्मीबाईंच्या त्या रात्रीच्या विचाराची दुसरी बाजू आमच्या घरात होती: जिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं ती बाई. तिची गोष्ट तितक्याच सरळपणे मराठीत लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहायला लक्ष्मीबाईंचीच शिस्त हवी असं मला वाटतं. न सावरता, न सजवता. आमच्या माणसांच्या गरिबीकडे दयेने पाहणारी लेखणीही नको आणि त्यांना घडीभरात संत करून टाकणारीही नको.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं लिखाण मी मोठेपणी वाचलं. कॅथलिक जग आमच्यापासून तसं लांब. वसईची बोली वेगळी, पद्धती वेगळ्या. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते वर्षानुवर्षं संपादक होते, आणि त्याच काळात वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरले होते, धमक्या झेलत होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला भाषांतरासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला होता, पाठीचं दुखणं सोबत होतं, तरी ते गेले आणि बोलले. 25 जुलै 2024 रोजी ते वारले. त्यांच्या लेखांत ज्ञानोबा-तुकोबा आणि येशू शेजारी बसलेले असतात, आणि त्या शेजाराचं त्यांना नवल वाटत नाही. मला त्यांच्याकडून घ्यायचंय ते हे: विहिरीच्या पाण्याबद्दल, वाडीतल्या केळीबद्दल लिहितानाही आपण श्रद्धेबद्दलच लिहीत असतो, त्यासाठी वेगळा परिच्छेद लागत नाही.

गेले काही महिने मी माझ्या आजीवर एक लेख लिहिते आहे. वडिलांची आई. मिशनच्या दवाखान्यात ती लादी पुसायची, तिथेच तिने शास्त्र वाचायला शिकून घेतलं. पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि त्यातली एक घरात सगळ्यांना पाठ आहे:

पहिली माझी ओवी, गाते येशूच्या नावाला
सांगावा धाडिते बाई, माझ्या भावाच्या गावाला

भाऊ तिच्याशी बोलत नव्हता. तिने धर्म पाळायला सुरुवात केली म्हणून की शेताच्या बांधावरून, याची घरात दोन मतं आहेत. तिच्या ओवीत येशू आणि तो रुसलेला भाऊ एकाच श्वासात येतात. स्टीफन्सचं नाव तिने ऐकलेलं असणं शक्य नाही, आणि तरी त्याने जो छंद निवडला तोच तिच्या तोंडी होता, कारण तो दोघांच्याही आधी इथल्या बायकांचा होता.

आजी रागीट होती. शेजारणीशी तिने वर्षभर अबोला धरला होता आणि त्याच वर्षी त्या शेजारणीच्या बाळंतपणात रात्र जागवली होती. अबोला न मोडता! खुणांनी गरम पाणी मागितलं, खुणांनीच नाळ बांधायला दोरा मागितला. बाळ रडलं तसं पाण्याचं घमेलं तिथेच ठेवून घरी आली. पहिल्या खर्ड्यात मी या प्रसंगापुढे क्षमेवर चार ओळी लिहिल्या होत्या. लक्ष्मीबाईंचं पुस्तक शेजारी उघडं ठेवून त्या वाचल्या आणि काढून टाकल्या. घमेलं ठेवलं.

ज्या मासिकासाठी हे लिहिते आहे त्याच्या संपादकांनी निरोप दिलाय: लेख आवडला, शेवटी एखादं वचन घालता आलं तर बघा, वाचकांना सवय असते. मी त्यांचं म्हणणं मनापासून ऐकते. ते वाचक माझेच आहेत, माझ्या शेजारी बाकावर बसतात. पण आजीला जे वचन आवडायचं ते ती लादी पुसताना पुटपुटायची, चुकत, मधले शब्द गाळत. लेखात ते तिथेच आलंय, चौथ्या परिच्छेदात, बादलीच्या आवाजात, आणि तिने गाळलेले शब्द मी भरलेले नाहीत. त्यांना मी तसंच कळवलंय.